पट्टी काल मोडली नाही

चिंचवाडच्या कलगोंडा नरदे यांनी नदीकाठी पहिला लोखंडी चरक बसवला. त्यांचे चिरंजीव जिनगोंडा यांनी त्याच चरकावर उभा जन्म ऊस गाळून गूळ केला. जिनगोंडांचे अण्णासो यांनी गुऱ्हाळ बंद करून हायस्कुलात गणित शिकवले. आणि अण्णासोंचा अकलंक मोडलेली हाडे जोडू लागला.

ही वंशावळ मी खुद्द अकलंकच्या तोंडून वदवून घेतली, तीही स्ट्रेचरवर आडवी असताना. वर्कशॉपच्या फरशीवर सांडलेल्या तेलावरून माझा पाय घसरला होता. उजवा गुडघा सहा वर्षांपूर्वी बदललेला. त्या कृत्रिम सांध्याच्या बरोबर वर मांडीचे हाड मोडले होते. जयसिंगपुरातल्या एका नव्या दवाखान्यात पांढऱ्या कोटातला एक तरुण माझ्या पायाला फळी बांधत होता.

"तू कुणाचा?" मी विचारले.

"मी डॉक्टर नरदे, आज्जी. हलू नका."

"नाव विचारलं नाही. कुणाचा ते विचारलं."

"चिंचवाडच्या अण्णासोंचा."

"आणि अण्णासो कुणाचे?"

"जिनगोंडांचे. जिनगोंडा कलगोंडांचे." फळीचा पट्टा आवळता आवळता तो हसला. "त्याच्या पलीकडचं मला ठाऊक नाही. पाय दुखत नाही का तुमचा?"

"दुखतो. म्हणून काय माणसानं चौकशी करू नये?"

माझा मुलगा सुकुमार दाराशी उभा राहून फोनवर पुण्याच्या रुग्णवाहिकेशी बोलत होता. मी त्याला हाक मारली.

"गाडीला नको म्हणून सांग. इथंच करायचं."

"आई, अगं पोरगा आहे तो. दवाखाना काढून दोन वर्षं झाली नाहीत."

"इथंच."

आमच्या घरात या शब्दानंतर सहसा कुणी बोलत नाही. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. माझे यजमान गेले तेव्हा मी ऐन पंचविशीत होते आणि पदरी वर्षाचा सुकुमार होता. स्टेशनजवळचे वर्कशॉप मी तेव्हापासून एकटीने चालवले. गावाने मला आक्का म्हणायला सुरुवात केली आणि मी गावाशी आक्कासारखी वागत आले. वर्कशॉपच्या केबिनमधल्या माझ्या खुर्चीतून मी साधूंखेरीज कुणासाठी उठलेले नाही. आमदार आले, बँकेचे साहेब आले. सगळे समोरच्या बाकावर बसले आणि चहा घेऊन गेले.

अकलंकने दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया केली. मांडीच्या बाहेरच्या बाजूने धातूची एक लांब पट्टी हाडावर बसवली आणि ती स्क्रूंनी आवळली. फोटो दाखवताना त्याच्या चेहऱ्यावर समाधान होते.

"बघा आज्जी, एकदम पक्कं बसलंय. जागा सोडली नाही कुठं."

"पाय कधी टेकायचा?"

"अंगठा टेकवा फक्त. भार द्यायचा नाही. हाड जुळलं की मी सांगेन."

मी वॉकर घेऊन अंगठा टेकवत राहिले. तीन महिन्यांनी मी त्याला सांगितले, की मांडीत आत कुठेतरी ठुसठुसते, विशेषतः वळताना. त्याने फोटो काढला, बराच वेळ पाहिला, आणि म्हणाला, "हाड जरा सावकाश जुळतंय. वयामुळं. साखर पण आहे तुमची. थोडं थांबू." मी थांबले. डॉक्टरने थांब म्हटल्यावर थांबणे हे मला कमीपणाचे वाटत नाही.

मग चातुर्मास लागला आणि आमच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, महाराज विराजमान झाले.

आमच्या दिगंबर जैनांत मुनिमहाराज दिवसातून एकदाच, सकाळी, आहाराला निघतात. निघताना मनात एक संकल्प धरतात आणि तो कुणाला सांगत नाहीत. कुठल्या दारात काय दिसले म्हणजे थांबायचे, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक. श्रावकांनी सोवळ्याने दारात कलश घेऊन उभे राहायचे आणि वाट पाहायची. संकल्प जुळला तर महाराज थांबतात, नाहीतर पुढच्या दाराकडे जातात. कुठेच जुळला नाही, तर उपाशी परत फिरतात.

आमच्या दारात रोज सुकुमार आणि माझी सून त्रिशला उभी राहत. मी त्यांच्या मागे उंबऱ्याच्या आत खुर्चीवर, मांडीवर कलश घेऊन बसलेली. महाराज रोज आमच्या दारावरून पुढे जात होते.

त्या सकाळी महाराज कोपऱ्यावर दिसले तेव्हा मला माझ्या मांडीवरचा कलश सहन होईना. घरची वडील बाई बसून स्वागत करते, हे कसले स्वागत? मी वॉकर बाजूला सारला आणि दोन्ही हातांत कलश धरून उभी राहिले.

"आत्याबाई!" त्रिशला मान न वळवता पुटपुटली. "बसा खाली. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डॉक्टर दारात आलेले नाहीत. महाराज आलेत. समोर बघ."

महाराज आले, आणि आमच्या दारासमोर थांबले.

"हे स्वामी, नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु. अत्र तिष्ठ, तिष्ठ." आम्ही तिघांनी म्हटले. आम्ही प्रदक्षिणेला वळलो आणि मी एक पाऊल टाकले, तोच मांडीच्या आत काहीतरी सुटले. आवाज माझा मलाच ऐकू आला. धातूचा आवाज मी आयुष्यभर ऐकत आले आहे; ओळखायला वेळ लागला नाही.

खुर्ची मागेच होती. मी तीत बसले आणि कलश त्रिशलाच्या हातात दिला.

"काय झालं?"

"काही नाही. तुम्ही प्रदक्षिणा पुरी करा. महाराजांना आत घेऊन चला."

ज्यांना आमची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. महाराज उभ्याने, ओंजळीतून आहार घेतात. त्या वेळी घरात कुणी ओरडले, रडले, तर त्यांना अंतराय होतो. ते तत्क्षणी ओंजळ सोडतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबही घेत नाहीत. माझ्या दारात आलेला साधू माझ्या किंकाळीने उपाशी परत जाणार नव्हता. मी पदराचा शेव दातांत धरला आणि आतल्या खोलीतून येणारा सुकुमारचा आवाज ऐकत राहिले. दूध. भात. मुगाचे वरण. पुन्हा पाणी. महाराजांचा आहार सावकाश असतो. त्या दिवशी तो फारच सावकाश होता.

महाराज हात उंचावून आशीर्वाद देऊन गेले, रस्त्याच्या वळणाआड झाले, तेव्हा मी पदर सोडला.

"सुकुमार, गाडी काढ. पट्टी मोडली."

दवाखान्यात पोचेपर्यंत त्रिशलाने भेटेल त्याला सगळे सांगून टाकले होते. नर्सला सांगितले, वॉर्डबॉयला सांगितले, औषधाच्या दुकानातून डोकावणाऱ्या बाईलाही सांगितले. "मी म्हणत होते हो, बसा म्हणून! ऐकतील तर त्या आत्याबाई कसल्या!" अर्ध्या तासात ही बातमी आमच्या गल्लीत परत गेली असणार: आक्का महाराजांसमोर उभ्या राहिल्या आणि पट्टी मोडली. बातमीत भक्ती होती, माझा हट्ट होता, आणि डॉक्टरच्या नावाला कुठेही डाग नव्हता. अकलंकने फक्त मान हलवायची होती.

फोटो घेऊन तो खोलीत आला तेव्हा सुकुमारने त्याला बसूही दिले नाही.

"उभी राहिली म्हणूनच ना, डॉक्टर? सांगा तिला एकदा तुमच्या तोंडानं. आमचं ती ऐकत नाही."

अकलंकने खिडकीचा पडदा सारला आणि फोटो उजेडात धरला. पट्टीचे दोन तुकडे मलाही स्पष्ट दिसत होते. एका स्क्रूच्या रिकाम्या भोकातून ती सरळ तुटली होती. तो माझ्याशी बोलला, सुकुमारशी नाही.

"आज्जी, ही पट्टी आज मोडली नाही. आज तिचे दोन तुकडे झाले. मोडत ती पहिल्यापासून होती."

हेच वाक्य मी एकदा, फार पूर्वी, स्वतः उच्चारले होते. कुठे आणि कुणापाशी, ते मी त्या खोलीत कुणाला सांगितले नाही.

"म्हणजे काय?" सुकुमार म्हणाला.

"म्हणजे हे बघा." अकलंकचे बोट फोटोवर फिरले. "हाडाच्या आतल्या बाजूला चुरा झाला होता. तिथं आधार उरला नव्हता. मी बाहेरून एकच पट्टी लावली. मग पाय थोडा टेकला काय, कुशीवर वळल्या काय, प्रत्येक वेळी भार एकट्या पट्टीवर. हाडानं काहीच उचललं नाही."

"पण तुम्ही तर पक्कं बसलंय म्हणाला होता."

"तीच चूक झाली. मोडीच्या अगदी जवळपर्यंत मी स्क्रू भरले. जास्त स्क्रू म्हणजे जास्त पक्कं, असं वाटलं. हाड जुळायला तिथं किंचित हालचाल लागते, ती मी होऊ दिली नाही. त्यामुळं नवं हाड धरलंच नाही. आणि मधलं एक भोक रिकामं राहिलं होतं. सगळा वाक येऊन त्या एकाच भोकापाशी साठायचा. तार एकाच जागी वाकवत राहिलं तर तुटते ना, तशी."

"आईचं वय? साखर?"

"ते आहेच. हाड मऊ आहे. पण ते मला आधी माहीत होतं. माहीत असून हिशेबात धरलं नाही, तर तो दोष त्यांच्या वयाचा नव्हे. तिसऱ्या महिन्याच्या फोटोत मला हे दिसायला हवं होतं. त्या दुखतंय म्हणत होत्या. मी थांबू म्हणालो."

त्रिशला पुढे होऊन फोटोतले ते भोक पाहू लागली.

"मी आज उभी राहिले नसते तर?" मी विचारले.

"आणखी पंधरा दिवस गेले असते. फार तर महिना."

"म्हणजे माझ्या उभं राहण्याला तुझ्या लेखी काहीच किंमत नाही म्हण की."

तो गोंधळला. मग त्याच्या लक्षात आले आणि तो ओशाळून हसला. "महाराज थांबले ना, आज्जी? झाली की किंमत."

सुकुमारला मात्र हसू आले नाही. त्याने तिथेच पुण्याच्या एका मोठ्या सर्जनना फोन लावला आणि फोटो पाठवले. त्यांनी सांगितले, की गुडघ्याजवळचा हाडाचा तुकडा सबंध काढून टाकू आणि तिथे मोठा धातूचा सांधा बसवू. बाई लगेच चालू लागतील. सुकुमारने फोन खाली ठेवला आणि अकलंककडे वळला.

"हे खरं आहे?"

"खरं आहे. चांगला उपाय आहे. या वयात बरेच जण तोच करतील." अकलंकने फोटो पाकिटात घातला. "फक्त तो शेवटचा उपाय आहे. पुढं काही बिघडलं तर मागं फिरायला हाड उरत नाही. मी सगळ्या कागदांसकट चिठ्ठी लिहून देतो. उद्या सकाळी नेऊ शकता."

"लिहा," सुकुमार म्हणाला.

"चिठ्ठी कुणी मागितली?" मी म्हटले.

दोघेही माझ्याकडे वळले.

"का मोडली ते तू सांगितलंस. आता दुसऱ्यांदा केलीस तर कशी करशील ते सांग."

"आज्जी, मी नको. माझ्या हातनं एकदा बिघडलंय."

"ते मला ठाऊक आहे. पाय माझाच आहे. विचारलं त्याचं उत्तर दे."

मग खिशातले पेन काढून त्याने पाकिटाच्या पाठीवर हाडाचे चित्र काढले. शाळेतल्या गणिताच्या मास्तरांचा मुलगा. रेघ सरळ होती.

"हाडाच्या पोकळीतून एक सळई घालीन, गुडघ्याकडून वर. तुमच्या सांध्यात मधे तेवढी वाट आहे, मी कंपनीकडून खात्री करून घेईन. म्हणजे आतून आधार झाला. बाहेरून आधीपेक्षा लांब पट्टी, पण स्क्रू दूरदूर, मोडीपाशी जागा सोडून. सळई आणि पट्टी एकमेकींना बांधलेल्या. जिथं पोकळी आहे तिथं तुमच्याच कमरेचं थोडं हाड काढून भरीन."

"दुसऱ्या कुणाचं हाड चालायचं नाही."

"तुमचंच."

"आणि पाय?"

"या वेळी अंगठा नाही. सळई आणि पट्टी मिळून भार उचलतील, त्यामुळं दोन दिवसांत वॉकर घेऊन पूर्ण पाऊल टेकवायला लावीन."

"मग कर."

"आई!" सुकुमारचा आवाज चढला. माझ्यासमोर त्याचा आवाज चढलेला मला आठवत नाही. "ज्यानं बिघडवलं त्याच्याच हातात परत? गाव काय म्हणेल?"

"गावाला पाय दोन-दोन आहेत. त्यांचे ते बघतील."

अकलंक पुढे आला. त्याचा चेहरा उतरला होता, पण बोलणे स्थिर होते. "आज्जी, माझी एक अट आहे. माझे शिकवणारे सर मिरजेत आहेत. ते माझ्याशेजारी उभे राहतील. त्यांना जिथं पटणार नाही तिथं मी हात थांबवीन."

"उभे राहू देत. हात तुझे."

"हात माझे," तो म्हणाला. आणि मग, नर्सची चूक काढावी तशा सुरात, "पण तोवर पाय हलवायचा नाही. कुणीही दारात आलं तरी."

संध्याकाळी त्रिशला दूध गरम करायला गेली तेव्हा सुकुमार माझ्या खाटेशी स्टूल ओढून बसला. पन्नाशीच्या घरातला माणूस, पण रागावला की अजून खालचा ओठ पुढे काढतो.

"एवढंच सांग, का? तू फसली नाहीस कधी कुणाला. याच्यात काय दिसलं तुला?"

"एक देणं आहे."

"कुणाचं? आपलं कुणाचं काही देणं नाही."

"पैशाचं नाही. पाय जमिनीवर टेकला की सांगेन."

"आणि नाही टेकला तर?"

मी पांघरूण ओढून घेऊ लागले. तो उठला, माझ्या पायावरचे पांघरूण सारखे केले, आणि म्हणाला, "बरं. इथंच."

शस्त्रक्रियेच्या दिवशी मला आत नेताना मी अकलंकला थांबवले.

"मोडलेल्या पट्टीचे दोन्ही तुकडे मला पाहिजेत."

"कशाला, आज्जी?"

"वर्कशॉपच्या बाईला लोखंड कशाला लागतं, असं विचारतोस?"

"ते लोखंड नसतं."

"धातू तर आहे ना? पुसून दे म्हणजे झालं."

त्याने ते दिले. मला बसता येऊ लागले तेव्हा मी सुकुमारला वर्कशॉपमधले भिंग आणायला लावले आणि तुटलेले तोंड खिडकीपाशी धरून पाहिले. एका कडेपासून निघालेल्या बारीक बारीक वक्र रेषा, शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा, एकीमागे एक. शेवटी थोडासा खडबडीत भाग. म्हणजे तेवढाच भाग त्या सकाळी तुटला होता. बाकी सगळे आधीच तुटून गेलेले. पोराने खरे सांगितले होते. मी भिंग खाली ठेवले.

दोन दिवसांत त्याने मला उभे केले. पहिले पूर्ण पाऊल टेकले तेव्हा मी त्याच्याकडे पाहिले नाही, पायाकडे पाहिले. सुकुमार दाराशी उभा होता. "आता सांग," तो म्हणाला. "हाड जुळू दे," मी म्हटले. त्याने कपाळावर हात मारला.

हाड जुळले. सावकाश जुळले, पण फोटोत एकेका महिन्याला पांढरा ढग दाट होत गेला आणि एके दिवशी त्यात मोडीची रेघ सापडेना. अकलंकने वॉकर काढून घेतला, मग काठी काढून घेतली. त्यानंतर मी त्याला निरोप पाठवला, की दुपारी वर्कशॉपवर ये. सुकुमारलाही बसवून घेतले.

केबिनमध्ये माझ्या टेबलावर एक जुनी वस्तू नेहमीच असते: यंत्रातल्या फिरत्या दांड्याचा, मनगटाएवढ्या जाड पोलादी शाफ्टचा, वीतभर लांबीचा मोडका तुकडा. लोकांना वाटते, कागद उडू नयेत म्हणून ठेवला आहे. सुकुमारनेही लहानपणापासून तो तसाच पाहिला होता.

"हा काय आहे, सांग," मी अकलंकला म्हटले.

त्याने तो दोन्ही हातांनी उचलला. "शाफ्ट. कशाचा?"

"तुझ्या आजोबांच्या चरकाचा."

मग मी त्या दोघांना ते सांगितले, जे तोवर कुणाला सांगितले नव्हते.

यजमान गेल्यावर माझे दीर तवनाप्पा वर्कशॉप विकायला निघाले होते. बाईच्या हाताखाली काम नको म्हणून धातू कातायच्या लेथवरचे दोघेही निघून गेले. मी यजमानांच्या शेजारी उभी राहून लेथ शिकले होते, ती मीच चालवायला घेतली. पहिले मोठे काम आले ते चिंचवाडच्या जिनगोंडामामांचे. ऐन गळिताच्या हंगामात त्यांच्या चरकाचा शाफ्ट झिजला होता. मी नवा करून दिला. आठवड्याभरात तो मोडला. उसाच्या मोळ्या गुऱ्हाळाच्या दारात वाळत पडल्या, रस उकळायची चुलवाणे थंड झाली.

मामा बैलगाडीतून दोन्ही तुकडे घेऊन आले. तवनाप्पा भावोजी आधीच येऊन बसले होते.

"वैनी, सांगून टाका, चरकात ऊस जास्त कोंबला म्हणून," ते मला आत बोलावून म्हणाले. "गुऱ्हाळावर बघायला कोण होतं? नाव वाचेल. नाहीतर उद्या विकायलाही गिऱ्हाईक मिळायचं नाही."

त्यात तथ्य होते. ऊस खरोखरच जास्त कोंबला जायचा. सगळ्याच गुऱ्हाळांवर जायचा. मी बाहेर आले. शाफ्टचे तुटलेले तोंड उन्हात धरले, आणि मला त्या रेषा दिसल्या. शिंपल्यासारख्या.

"मामा, हा काल मोडला नाही," मी म्हटले. "बसवला त्या दिवसापासून मोडत होता. हे बघा. जिथं शाफ्टची जाडी कमी होते तिथं मी कोपरा अगदी काटकोनात काढला. दिसायला सुबक दिसला. तिथं गोलाई ठेवायला पाहिजे होती. प्रत्येक फेऱ्याला ताण त्या कोपऱ्यात साठत गेला. चूक माझी आहे."

भावोजींनी कपाळ धरले. मामांनी तुकडा माझ्या हातातून घेतला आणि त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. सांगलीला मोठी वर्कशॉपे होती. गाडी जुंपलेलीच होती.

"दुसरा कधी देता, वैनीबाई?" ते म्हणाले.

"तुम्ही सांगलीला गेलात तरी मी—"

"सांगलीवाल्याला हे ठाऊक नसंल. तुम्हांला आता ठाऊक झालं. कधी देता?"

दुसरा शाफ्ट घेऊन मी स्वतः गुऱ्हाळावर गेले. बाजेवर, पोत्यांवर गावची दहा-बारा माणसे बसली होती. विधवेने चरकापाशी येऊ नये असे तेव्हा मानत. कुणीतरी ते बोललेही. कुणीतरी म्हणाले, "आला बाईंचा शाफ्ट, आता रविवारपर्यंत चालंल!" आणि सगळे हसले. जिनगोंडामामा बाजेवर बसले होते. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, गावचा मानकरी. त्यांनी हातातला तंबाखूचा बटवा खाली ठेवला आणि ते उठून उभे राहिले. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या पोरीसाठी. नुसते उभे राहिले. मग बाकीच्यांना बसून राहणे जमेना. एकेक करून सगळे उठले. मी त्या उभ्या माणसांमधून चरकापर्यंत गेले आणि शाफ्ट बसवला.

तो शाफ्ट गुऱ्हाळ बंद होईपर्यंत चालला. त्या दिवसानंतर या भागात माझ्या कामाला कुणी हसले नाही. दर हंगामाला गुळाची पहिली ढेप मामा माझ्या घरी पाठवत राहिले. त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितले नाही, आणि ते गेले तेव्हा माझे देणे तसेच राहिले.

सांगून संपले तेव्हा लेथचा आवाज बाहेर चालू होता. सुकुमार टेबलाकडे बघत होता. अकलंक शाफ्टच्या त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत होता. शिकवल्याशिवाय, अगदी मामांसारखा.

"आजोबांनी घरात कधी सांगितलं नाही," तो म्हणाला. "आज्जी, तुम्ही तरी मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू आजोबांच्या नावासाठी मान खाली घालून खरं बोलला असतास. मला बघायचं होतं, तू आपणहून बोलतोस का."

"आणि मी त्या दिवशी म्हणालो असतो, उभ्या राहिल्या म्हणून मोडली?"

"तर मी पुण्याला गेले असते. तुझे आजोबाही गेले असते सांगलीला. काय समजलास? देणं होतं म्हणून मी पाय उधळून दिला असता?"

सुकुमार मोठ्याने हसला. त्या वर्षात तो पहिल्यांदाच तसा हसला.

मी खणातून मोडक्या पट्टीचे दोन तुकडे काढले आणि शाफ्टच्या तुकड्याशेजारी ठेवले. अकलंकने ते पाहिले, त्यांना हात लावला नाही. घड्याळाकडे पाहून तो उठला.

"पेशंट बसलेत, आज्जी. येतो मी."

"ये."

तो दाराकडे वळला. मी खुर्चीच्या हातांना स्पर्श केला नाही. टेबलाला केला नाही, सुकुमारच्या पुढे झालेल्या हातालाही केला नाही. उजव्या पायावर पूर्ण भार दिला आणि मी त्या पोरासाठी उठून उभी राहिले. दारातून त्याने मागे वळून पाहिले तेव्हा सुकुमारही उठला होता, आणि काचेपलीकडे लेथवरची माणसे काम थांबवून उभी होती.

तो नजरेआड होईपर्यंत मी उभी राहिले. मग बसले. जिनगोंडामामांचे माझ्याकडे आता काही उरले नाही.